केना की डिफ्यूझा? दोन निळ्या फुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसात बांधावर, कुंडीच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी एक छोटं निळं फूल दिसतं. दोन पाकळ्या कानांसारख्या वर उभ्या, मध्ये पिवळे ठिपके. जवळपास प्रत्येक जण त्याला केना म्हणून पुढे जातो. पण त्या एका नावाखाली निदान दोन वेगळ्या जाती नेहमी एकत्र वाढत असतात, आणि त्यांतली एक जमिनीच्या आत जे काही करते ते दुसरी करत नाही. हा फरक एकदा डोळ्यांना कळला की पुन्हा विसरत नाही. त्याबद्दल जे प्रश्न सतत विचारले जातात, ते इथे एकत्र घेतले आहेत.

नेमक्या कोणत्या दोन वनस्पतींबद्दल बोलतो आहोत?

पहिली कोमेलिना बेंगालेन्सिस. हा खरा केना. दुसरी कोमेलिना डिफ्यूझा. बोलताना तिलाही सर्रास केनाच म्हणतात, त्यामुळे गोंधळ नावापासूनच सुरू होतो. या पानावर मी पहिल्याला केना आणि दुसरीला डिफ्यूझा म्हणते आहे.

दोन्ही कोमेलिना या एकाच प्रजातीतल्या (इंग्रजीत जीनस; तिच्यात अनेक जाती येतात), म्हणजे सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. बेंगालेन्सिस हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं, अर्थ 'बंगालची'. डिफ्यूझा हे नाव निकोलास बर्मन यांनी १७६८ साली दिलं; अर्थ 'पसरलेली'. पण पसरतात दोन्ही, त्यामुळे ओळखायला या नावाचा काही उपयोग नाही.

फुलाचा फोटो पाठवला तर कोणती ते सांगाल का?

फक्त फूल असेल तर नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, आणि उत्तर प्रत्येक वेळी हेच द्यावं लागतं.

दोघांच्याही फुलात वर दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, खाली एक लहान निळीच पाकळी. समोर तीन कामाचे पुंकेसर, मागे पिवळ्या डोक्यांचे वंध्य केसर. केन्याच्या मोठ्या पाकळ्या जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरच्या असतात. डिफ्यूझाच्या किंचित मोठ्या असू शकतात, पण एकाच वेलीवरच्या दोन फुलांतही तेवढा फरक पडतो. रंगावर तर अजिबात जाऊ नका. सकाळच्या सावलीत गडद दिसणारं निळं उन्हात फिकं दिसतं, आणि मोबाइलचा कॅमेरा निळ्या-जांभळ्या छटा स्वतःच्या मर्जीने बदलतो.

या फुलावर नजर जाते म्हणूनच ओळख चुकते. मी स्वतः दोन पावसाळे काढलेले सगळे फोटो 'केना' या एकाच नावाने ठेवले होते, कारण प्रत्येक फोटोत फूल चौकटीच्या मधोमध आणि बाकी सगळं धूसर होतं. नंतर त्यांतले निम्मे फोटो कुठल्याच जातीच्या नावाने ठेवता येईनात. ज्या भागावरून ओळख पटते तो त्यांत आलाच नव्हता.

मग बघायचं कुठे?

फुलाच्या खाली.

फूल ज्यातून बाहेर आलेलं दिसतं ती हिरवी, पानासारखी, दुमडलेली वस्तू बोटांत धरा. वनस्पतिशास्त्रात तिला महाछद म्हणतात. कळ्या तिच्या आत दडलेल्या असतात, एकेक करून बाहेर येतात, आणि फळंही पुन्हा आतच वाढतात. जात कोणती हे ठरवणारी सगळ्यात भरवशाची खूण हीच.

केन्याचा महाछद नरसाळ्यासारखा असतो. देठाकडच्या बाजूला त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना जोडलेल्या असतात, जणू कुणी शिवून टाकल्यात. त्यामुळे वर रुंद तोंड आणि खाली बंद टोक असं एक छोटं भांडं तयार होतं. त्याला स्वतःचा देठ जवळजवळ नसतोच. फांदीच्या टोकाशी असे दोन-तीन महाछद एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने बसलेले दिसतात. अंगावर लव असते.

डिफ्यूझाचा महाछद म्हणजे मधोमध घडी घातलेलं पान. कडा शेवटपर्यंत मोकळ्या. बाजूने पाहिलं तर लांबट, टोकाला निमुळता, थोडा कोयत्यासारखा वळलेला दिसतो. तो एकेकटा येतो, पानाच्या समोरच्या बाजूला, आणि त्याला स्पष्ट देठ असतो. अर्ध्या सेंटीमीटरपासून दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत. लांबूनही हा देठ दिसतो, आणि केन्याची ती टोकाची गर्दी नसते, हेही दिसतं.

कडा जोडलेल्या आहेत की नुसत्या मिटलेल्या, हे नीट कळत नाही. काय करू?

एक महाछद तोडा. मागच्या बाजूने, जिथे देठ चिकटतो तिथून, अंगठ्याच्या नखाने हलकेच उघडायचा प्रयत्न करा.

डिफ्यूझाचा असेल तर तो पुस्तकासारखा उघडतो, आणि तळहातावर सपाट ठेवला की हृदयाच्या आकाराचं एक पूर्ण पान दिसतं. देठाच्या दोन्ही बाजूंना दोन गोल पाळ्या, समोर अणकुचीदार टोक. कुठेही फाटलेलं नसतं. केन्याचा असेल तर सपाट होतच नाही. जोर लावला तर मागच्या बाजूला टरकन फाटतो, आणि फाटलेली कड ओबडधोबड, ओली दिसते. ही ओली फाटलेली कड एकदा पाहिली की पुढच्या वेळी महाछद तोडण्याची गरजही उरत नाही. नुसतं मागून पाहिलं तरी ती जोडलेली शिवण लक्षात येते.

साधं भिंग असेल तर उत्तम. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन फोटो मोठा करून पाहा, काम होतं. अगदी कोवळा महाछद मात्र या परीक्षेला घेऊ नका. त्याच्या कडा नुसत्या चिकटलेल्या असल्या तरी जोडल्यासारख्या वाटतात.

फुलंच आलेली नाहीत. फक्त पानांवरून कळेल का?

बऱ्याच अंशी, हो. तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि तिन्ही एकाच दिशेने बोलल्या तरच नाव लिहावं.

पहिली म्हणजे पानाचा आकार. केन्याचं पान रुंद, अंडाकृती. लांबी रुंदीच्या साधारण दुप्पट, अडीचपट. डिफ्यूझाचं पान भाल्याच्या पात्यासारखं. लांबी रुंदीच्या तिप्पट ते पाचपट. पट्टी जवळ असेल तर मोजा, डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते बरं. एकाच पानावर न थांबता चार-पाच पानं मोजा, आणि रोपाची अगदी पहिली पानं सोडून द्या, कारण ती दोघांचीही आखूड असतात.

दुसरी खूण देठाची. केन्याच्या पानाचं पातं खाली एकदम अरुंद होतं, तिथे थोडासा देठ दिसतो, आणि मग खोडाला वेढणारं आवरण सुरू होतं. डिफ्यूझामध्ये पातं थेट त्या आवरणावरच बसतं.

तिसरी माझ्या आवडीची. पान जिथे खोडाला वेढतं त्या आवरणाच्या तोंडाशी पाहा. केन्याच्या तिथे लांब, तांबूस-तपकिरी केस असतात. उन्हासमोर धरलं की ती लालसर झालर चमकते. पानांवर आणि खोडावरही बारीक लव असते, बोट फिरवलं तर जाणवते. डिफ्यूझा बहुतेक गुळगुळीत. तिच्या आवरणाच्या कडेला केसांची एखादी रांग असू शकते, पण ती तांबूस झालर नाही.

महाछद जोडलेला आहे, पण वरच्या पानांना देठ दिसत नाही. मग हा केना नाही का?

बहुधा केनाच. फुलांजवळची सगळ्यात वरची पानं आखडलेली असतात आणि त्यांचा देठ जवळपास नाहीसा होतो. देठ पाहायचा तो खोडाच्या मधल्या आणि खालच्या पानांवर.

तरीही पानं अरुंदच असतील, तर तिसरीच जात असण्याची शक्यता आहे. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

उपटून पाहिलं तर काही कळतं का?

कळतं, आणि सगळ्यात नवलाची गोष्ट तिथेच आहे.

केन्याचं चांगलं वाढलेलं रोप मुळासकट काढा. ओढून नाही, खुरप्याने भोवतीची माती सैल करून, ढेकळासकट उचला. ढेकूळ पाण्यात बुडवून माती हळूहळू विरघळू द्या. तंतुमुळांच्या गुंत्यात पांढरट, जाडसर, आडव्या जाणाऱ्या काड्या दिसतील. त्यांच्यावर जागोजागी फिकट, टोकदार, फुगीर गाठी असतात. एक गाठ नखाने उघडली की आत कोवळं फळ सापडतं.

त्या गाठी म्हणजे केन्याची जमिनीखालची फुलं. ती कधीच उमलत नाहीत. त्यांना रंग नाही, त्यांच्यावर माशी बसत नाही, त्यांना उजेड दिसत नाही. बंद कळीतच परागकण स्वतःच्या किंजल्कावर, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकावर, पडतात, आणि मातीतच बी तयार होतं. डिफ्यूझा हे करत नाही. तिच्या खोडाला पेरांवर मुळं फुटतात, पण त्या मुळांत अशा गाठी नसतात.

पहिल्यांदा या गाठी पाहिल्या तेव्हा एखाद्या किडीची अंडी असावीत असं वाटलं. उघडल्यावर आत बी निघालं. वर निळी फुलं फुललेली असताना खाली अंधारातही तेच झाड फुलत होतं, आणि इतकी वर्षं त्यावरून चालत गेलो होतो. त्या दिवसापासून केना मला साधा वाटेनासा झाला.

एक सावधगिरी. गाठी सापडल्या नाहीत म्हणून लगेच 'केना नव्हे' असं ठरवू नका. रोप लहान असेल, जमीन कडक असेल, किंवा काड्या उपटताना तुटून मातीतच राहिल्या असतील. सापडल्या तर पुरावा भक्कम. सापडल्या नाहीत तर महाछदाकडे परत या.

पण जमिनीत फुलायचं कशाला?

वरचं सगळं हातचं जाऊ शकतं म्हणून. गुरं खातात, कुणी कापतं, ऊन पडून रोप सुकतं. खालचं बी तरीही सुरक्षित राहतं, आणि आईला जी जागा मानवली तिथेच पुढच्या पावसात उगवतं. वरच्या फुलांना कीटकांमार्फत दुसऱ्या झाडाचे पराग मिळू शकतात, म्हणजे थोडं वैविध्य येतं. खालच्या फुलांत ते नाही, पण खात्री आहे. हे एकच झाड दोन्ही वाटा धरून ठेवतं.

बियाही सारख्या नसतात. वरच्या आणि खालच्या, दोन्ही फळांत एक बी मोठं आणि बाकीची लहान असतात. म्हणजे एका केन्यावर चार प्रकारच्या बिया. जमिनीखालचं मोठं बी लवकर उगवायला तयार असतं, वरचं लहान बी बराच काळ निपचित पडून राहतं. सगळं बी एकाच पावसावर उगवून एकाच फटक्यात मरण्याची वेळ त्यामुळे केन्यावर येत नाही.

दुपारी गेलो तर एकही फूल नव्हतं. सकाळी तर भरपूर होती.

दोघांचंही फूल अर्ध्या दिवसाचं. सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. पाकळ्या गळून पडत नाहीत, त्या आतल्या आत विरघळल्यासारख्या होतात. दुपारी महाछदाच्या तोंडाशी एक निळसर ओला थेंब दिसला तर ते सकाळचं फूल समजा.

मिटताना पुंकेसर आणि कुक्षिवृंत (किंजल्काचा दांडा) आत गुंडाळले जातात, एकमेकांना टेकतात. सकाळभरात कुठला कीटक फिरकला नसेल तर तेवढ्यात स्वपरागण होऊन जातं. कीटकांना इथे मध मिळत नाही, फक्त पराग. मागचे ते ठळक पिवळे वंध्य केसर भरपूर पराग असल्याचं भासवतात, आणि खरे पराग मात्र समोरच्या, कमी नजरेत येणाऱ्या केसरांवर असतात.

त्यानंतर फुलाचा देठ मागे वळतो आणि वाढतं फळ पुन्हा महाछदात जातं. म्हणून फळ शोधायचं तेही तिथेच.

महाछद दाबला की चिकट पाणी येतं. हे कशाचं लक्षण?

केन्याच्या बंद नरसाळ्यात एक बुळबुळीत द्रव असतो, कळ्या त्यातच बुडालेल्या असतात. बोटांवर घेतला तर तार येते. या प्रजातीतल्या इतर जातींतही असा द्रव आढळतो, त्यामुळे केवळ त्यावरून नाव ठरवू नका.

दोन्हीं वर्णनांत नीट न बसणारं झाड सापडलं तर?

तर ते तिसरंच असेल, आणि ते मान्य करणं उत्तम. ही प्रजाती मोठी आहे. सापडू शकणारी काही नावं सांगते.

खालची तिसरी पाकळी स्पष्ट पांढरी दिसली, तर केना आणि डिफ्यूझा दोन्ही बाजूला ठेवा. कोमेलिना कम्युनिस किंवा कोमेलिना इरेक्टा यांच्या दिशेने पाहा. कम्युनिसचा महाछद मोकळ्या कडांचा, इरेक्टाचा जोडलेला.

महाछद जोडलेला, पण पानं अरुंद आणि कडा लाटांसारख्या मुरडलेल्या असतील, तर कोमेलिना फोर्स्कोली तपासा. तीही जमिनीखाली फुलं धरते. म्हणून 'मातीत गाठी म्हणजे केना' हा नियम एकटा पुरत नाही, पानाची रुंदी सोबत पाहावीच लागते.

सगळ्यात अवघड आहे ती कोमेलिना कॅरोलिनियाना, कारण डिफ्यूझासारखाच तिचाही महाछद मोकळ्या कडांचा. डिफ्यूझाच्या महाछदातून बहुतेक वेळा एक लांब दांडा बाहेर डोकावतो आणि त्यावर वरची एक-दोन फुलं येतात. कॅरोलिनियानात हा वरचा दांडा सहसा खुरटलेला असतो किंवा नसतोच. या नावाची गंमत अशी की नाव अमेरिकेतल्या कॅरोलायनाचं, पण झाड मूळचं भारतातलं. ते तिकडे भाताच्या बियाण्यात मिसळून गेलं असावं असं मानलं जातं. नाव देणाऱ्याला ते तिथलंच वाटलं, आणि १७८८ सालचं ते नाव अजून चालू आहे.

आणि फुलाखाली महाछदच नसेल, तीन पाकळ्या सारख्याच असतील, तर ती कोमेलिना नव्हे. मर्डानिया असण्याची शक्यता जास्त. मर्डानिया हे नाव मर्दान अली यांच्यावरून पडलं आहे. ते सहारनपूरच्या बागेत वनस्पती गोळा करत आणि तिथला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह सांभाळत. या छोट्या फुलांच्या कुळात एका भारतीय संग्राहकाचं नाव कायमचं राहिलं आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

जुन्या पुस्तकात 'कोमेलिना न्यूडिफ्लोरा' असं नाव आहे. ती कोणती?

हा खरा गुंता आहे. लिनियसने ज्या झाडाला न्यूडिफ्लोरा म्हटलं, ते आज मर्डानिया न्यूडिफ्लोरा आहे. १९५२ पासून ते या नावाने ओळखलं जातं. पण त्याआधी बरीच वर्षं हेच नाव चुकून डिफ्यूझाला लावलं जात होतं. म्हणून जुन्या यादीत हे नाव दिसलं तर शेजारचं वर्णन वाचा. दुमडलेल्या महाछदाचा उल्लेख असेल तर ती आपली डिफ्यूझा.

तिसरी पाकळी इतकी लहान का? त्यामागे काही गोष्ट आहे म्हणतात.

गोष्ट प्रजातीच्या नावाची आहे. नेदरलँड्समधल्या कॉमेलिन घराण्यात यान आणि त्यांचा पुतण्या कास्पर हे दोघं नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. घराण्यातला तिसरा एक जण या शास्त्रात काही करून दाखवण्याआधीच वारला. दोन ठसठशीत पाकळ्या आणि एक नजरेत न भरणारी, हे पाहून लिनियसने फुलाला या तिघांचं नाव दिलं.

यातल्या यान कॉमेलिन यांचा आपल्याकडच्या झाडांशी थेट संबंध आहे. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलाबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथाच्या काही खंडांना त्यांनी टिपणं लिहिली. पहिला खंड १६७८ साली निघाला.

मधलंच काहीतरी वाटणारं झाड म्हणजे दोघांचा संकर असेल का?

तसं समजू नका. केन्यात गुणसूत्रं २२ किंवा त्याच्या पटीत असतात, डिफ्यूझात साधारण ३०. इतक्या वेगळ्या हिशोबाच्या जाती सहज मिसळत नाहीत. मधलं वाटणारं झाड बहुतेक वेळा सावलीत वाढलेला केना असतो, ज्याची पानं लांबोडकी झाली आहेत, किंवा भरपूर ऊन मिळालेली, आखूड पानांची डिफ्यूझा. महाछद उघडून पाहा, शंका तिथेच मिटते.

जागेवरून काही अंदाज येतो का?

थोडाफार. डिफ्यूझाला पाय ओले लागतात: पाटाची कड, ओढ्याकाठ, पाणी साचणारी शेतं. केना ओल्यातही वाढतो आणि त्याहून कोरड्या, मशागतीच्या जमिनीतही. पण दोन्ही हातभर अंतरावर एकत्रही सापडतात. जागेवरून अंदाज बांधा, पण नाव लिहू नका.

शेतातून किंवा बागेतून काढायचंच आहे. मग कोणती जात हे कळून काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो.

दोघांचीही खोडं तुकडे झाली तरी पेरांवर मुळं धरतात. म्हणून कापून तिथेच टाकलं की वाढतात. काढलेली रोपं ओल्या मातीवर ठेवू नयेत, उन्हात दगडावर किंवा फरशीवर पूर्ण वाळवावीत. ही काळजी दोघांसाठी सारखीच.

केन्याच्या बाबतीत मात्र वरचं कापणं किंवा नुसतं ओढणं अपुरं, कारण बी खाली तयार असू शकतं. जमिनीखालची फुलं वरच्या फुलांच्याही आधी धरायला लागतात. म्हणजे निळं फूल दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. रोप लहान, चार-सहा पानांचं असतानाच, मातीसकट काढणं हाच उपाय. डिफ्यूझाच्या बाबतीत फुलाआधी नीट उपटून वाळवलं की पुष्कळ काम होतं.

तणनाशकांचा भरवसा धरू नका. केना ग्लायफोसेटला बऱ्यापैकी दाद देत नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या कापसाच्या शेतांत हे दिसून आलं: ग्लायफोसेट सहन करणारा कापूस लावून तेच एक औषध वारंवार मारलं गेलं, इतर तणं गेली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत केना पसरला. तिकडच्या संघीय त्रासदायक तणांच्या यादीत त्याचं नाव आहे.

जिथे पिकाला अडचण नाही, तिथे त्याला राहू द्यावं असं मला मनापासून वाटतं. पहाटेच्या माश्यांना आणि लहान मधमाश्यांना पराग हवे असतात.

मोबाइल ॲपने 'केना' सांगितलं. विश्वास ठेवू?

ॲपला तुम्ही काय दाखवलंत यावर ते अवलंबून आहे. समोरून काढलेलं फूल दाखवलं असेल तर ते जातीपर्यंत पोहोचू शकत नाही, जास्तीत जास्त प्रजाती बरोबर सांगेल. महाछदाचा बाजूने काढलेला फोटो द्या, उत्तर सुधारेल. तरी शेवटचा शब्द नखाने उघडलेल्या महाछदाचा.

ओळख पटेल असे फोटो कसे काढू?

चार पुरतात. महाछदाचा बाजूने, देठासकट. महाछदाचा मागून, कडा दिसतील असा. खोडाच्या मधल्या पानाचा, जिथे ते खोडाला वेढतं तिथून जवळून; केस दिसले पाहिजेत, म्हणून उजेड मागून येऊ द्या. आणि संपूर्ण रोपाचा, शेजारी पट्टी ठेवून. फुलाचा पाचवा काढा, तो सुंदर येतो, पण आधीचे चार झाल्यावर.

वेळ सकाळची ठेवा. तारीख आणि जमीन कशी होती तेही लिहून ठेवा.

वाळवून नमुना ठेवायचा आहे, पण फूल काळपट होऊन चिकटतं.

या फुलाच्या पाकळ्यांत पाणीच जास्त, त्यामुळे असं होणारच. उमलल्याबरोबर घ्या, शेतातच दाबा, घरी येईपर्यंत थांबू नका. फुलाच्या वर-खाली मऊ टिपकागदाचा तुकडा ठेवा आणि तो काढू नका. बाहेरचे कागद बदला. पाकळ्यांचा रंग, विशेषतः तिसऱ्या पाकळीचा, तेव्हाच लिहून ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी तो कागदावर नसेल.

एक महाछद उघडून सपाट दाबा आणि दुसरा मिटलेलाच ठेवा. केन्याचा नमुना असेल तर धुतलेल्या मुळांचा गुंता गाठींसकट बाजूला जोडा. फळ पिकलेलं असेल तर बिया एका लहान पाकिटात घालून त्याच कागदाला चिकटवा. भिंगाखाली प्रत्येक बीच्या कुशीला एक वाटोळं झाकण दिसेल. बी रुजताना अंकुर ते झाकण ढकलूनच बाहेर येतो.